माशाच्या मांसातील अळी

पडद्यावर दिसणारी कॉड माशाची ही तुकडी काचेच्या टेबलावर ठेवलेली असून तिच्याखाली दिवा लावलेला आहे. पांढऱ्या मांसातून उजेड वर येतो आणि त्यात एके ठिकाणी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेली एक बारीक अळी दिसते. चिमट्याने ओढून सरळ केली, तर ती दोन-तीन सेंटिमीटर भरते, आणि मासा ताजा असेल तर वळवळतेही. ही ॲनिसाकिस नावाच्या गोलकृमीची अळी आहे.

मासा नासका आहे किंवा विक्रेत्याने हयगय केली आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. पण उघड्यावर माशा बसून पडणाऱ्या अळ्यांशी हिचा काहीही संबंध नाही. मासा समुद्रात जिवंत असतानाच ती त्याच्या शरीरात आलेली असते.

या कृमीचे प्रौढ रूप देवमासा आणि डॉल्फिन यांच्या जठरात राहते. त्याची अंडी त्या प्राण्यांच्या विष्ठेतून समुद्रात पडतात, त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्यांना क्रिलसारखे छोटे कवचधारी जीव गिळतात, आणि त्यांना खाणाऱ्या हेरिंग, मॅकरेल, कॉड किंवा माकुळ यांच्या पोटात त्या पोहोचतात. तिथे अळी वाढत नाही. आतड्याभोवती वेटोळे घालून ती वाट पाहत राहते. त्या माशाला मोठ्या माशाने खाल्ले, तर ती त्याच्यात मुक्काम हलवते, आणि देवमाशाने खाल्ले, तरच तिचे जीवनचक्र पूर्ण होते. म्हणजे ज्या समुद्रात ही अळी मुबलक आहे, तिथे देवमाशांपासून क्रिलपर्यंतची अन्नसाखळी शाबूत आहे, असे म्हणायला हरकत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९७८ ते २०१५ या काळात प्रत्येक यजमान जीवामागे आढळणाऱ्या ॲनिसाकिसचे प्रमाण २८३ पटींनी वाढले. देवमाशांना मिळालेले संरक्षण हे त्याच्या संभाव्य कारणांपैकी एक मानले जाते.

मासा मेल्यावर काही अळ्या आतड्याभोवतालची जागा सोडून मांसात शिरतात. म्हणूनच पकडलेल्या माशाचे पोट लवकरात लवकर साफ करण्याला महत्त्व आहे. दिव्याच्या उजेडात तपासूनही जाड किंवा गडद मांसात खोलवर बसलेली अळी नजरेतून सुटू शकते, त्यामुळे केवळ डोळ्यांवर विसंबता येत नाही.

माणूस या चक्रात चुकून येतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून जिवंत अळी पोटात गेली, तर ती जठराच्या अस्तरात तोंड रुतवते, आणि काही तासांतच पोटात तीव्र वेदना, मळमळ व उलट्या सुरू होऊ शकतात. तिथे ती वाढून प्रौढ होत नाही, यथावकाश मरते. मात्र वेदना थांबवण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढणे. नेदरलँड्समध्ये कच्चट हेरिंग खाणाऱ्यांच्या पोटदुखीचा या अळीशी असलेला संबंध संशोधक व्हान थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडला. १९६८ मध्ये तिथे हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती झाली आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली.

आज युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार, कच्चा खायचा मासा त्याच्या प्रत्येक भागात उणे २० अंश सेल्सिअस तापमान किमान २४ तास, किंवा उणे ३५ अंश किमान १५ तास राहील अशा रीतीने गोठवावा लागतो. शिजवताना आतल्या भागाचे तापमान किमान एक मिनिट ६० अंशांवर गेले, तर अळी मरते. व्हिनेगर, लिंबू किंवा मीठ यांवर मात्र भरवसा ठेवू नये. आंबटपणाने मांस पांढरे पडून शिजल्यासारखे दिसते खरे, पण जठरातल्या आम्लात तग धरणारी ही अळी साध्या मुरवणीत अनेक दिवस जिवंत राहू शकते.

मेलेली अळीही प्रत्येकासाठी निरुपद्रवी नसते. तिच्यातील काही प्रथिने उष्णतेने नष्ट होत नाहीत, आणि आधीच्या संसर्गामुळे ज्यांचे शरीर संवेदनशील झाले आहे, त्यांना अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी दोष माशाच्या ॲलर्जीला दिला जातो, म्हणून रक्ततपासणीत ॲनिसाकिसचाही विचार व्हावा लागतो.