हरितगृहातला उजेड: आधी मोजा, मग पेरा

मित्रहो, पत्रिकेत ‘अपुऱ्या उन्हातले बारमाही हरितगृह’ असा विषय छापला आहे, आणि त्या बारमाही वेळापत्रकाकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी तापमापकाविषयीची माझी जुनी तक्रार तुम्हांला ऐकून घ्यावी लागेल. घरी हरितगृह उभारणारा बहुतेक प्रत्येक जण पहिल्याच दिवशी आत तापमापक टांगतो, आणि उजेड मात्र नजरेनेच जोखतो.

प्राचीन रोमन लेखक प्लिनी याने नोंदवले आहे की, रोमन सम्राट टायबेरियस याला काकडी इतकी प्रिय होती की त्याचे माळी चाकांवरच्या वाफ्यांत वेल वाढवत, ते वाफे उन्हात ढकलत नेत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माळ्यांनी चाके बसवली ती उन्हासाठी. आपण चाके काढली, हीटर आणला आणि वेल का फुलत नाही म्हणून खताला दोष देऊ लागलो. (हसू नका, हीटर तुमच्यापैकी अनेकांकडे असणार!)

डोळ्यावर विसंबणे येथेच महागात पडते. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड असतो आणि दिवा लावलेल्या खोलीत जेमतेम ३०० ते ५००, तरीही डोळा दोन्हींशी इतक्या सहज जुळवून घेतो की खोलीही आपल्याला लख्ख वाटते. रोपाला अशी सवलत नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण दिवसभरात किती मिळाले, यावर त्याची वाढ ठरते. ही मात्रा दर चौरस मीटरला मोलमध्ये, म्हणजे कणांची संख्या मोजण्याच्या एककात, मोजतात: लेट्यूसला दिवसाला साधारण १२ ते १४ मोल पुरतात, तर टोमॅटोला भरघोस फळे धरण्यासाठी २० हून अधिक लागतात. उजेड अपुरा असताना ऊब वाढवली, तर श्वसन वाढते, दिवसा तयार झालेली साखर त्यातच खर्ची पडते आणि रोप किडकिडीत, लांबट होते. म्हणून अंधाऱ्या दिवसांत, विशेषतः रात्री, हरितगृह थोडे थंडच ठेवावे.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा वेळापत्रक थोडक्यात सांगतो. टोमॅटो आणि काकडी मोठ्या दिवसांतच घ्यावीत. ज्या अक्षांशांवर हिवाळी दिवस दहा तासांहून लहान होतो, तेथे पालक आणि लेट्यूस यांची पेरणी इतकी आधी करावी की त्या काळापूर्वीच रोपे जवळपास पूर्ण वाढलेली असतील; त्यानंतर वाढ मंदावते आणि आपण उभ्या पिकाची बाहेरची पाने तेवढी खुडत राहतो. कमी उजेडात रोपे पाणी कमी पितात, त्यामुळे पाणी आखडते घ्यावे आणि दमट दिवसांतही झडपा थोड्या उघडाव्यात, अन्यथा करडी बुरशी आलीच. काच धुवावी, मागची भिंत पांढरी रंगवावी.

दिव्यांचा हिशेब खोक्यावरच्या वॅटवरून करू नये. विजेच्या दर ज्यूल ऊर्जेमागे २.५ मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग) प्रकाश देणारा एलईडी दिवसाच्या उजेडातली ५ मोलची तूट भरून काढताना दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ०.५६ युनिट वीज घेतो, आणि तेही सगळा प्रकाश पानांवरच पडला तर. एवढ्या विजेत लेट्यूस परवडते की नाही हे आपापल्या वीजदरावर ठरवावे. टोमॅटोचा विचार हिवाळ्यापुरता सोडून द्यावा.