पाणकावळ्याला दुसरी जागा द्या

मंडळी, ‘काठाला बांधलेली बोट आणि पक्ष्यांचा उपद्रव’ हा विषय अध्यक्षांनी वाचला आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसा, हसा. आपल्या सातारकरांची बोटीशी ओळख कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीला तिकीट काढून वासोटा किल्ल्याला जाण्यापुरती. सकाळी लाँचच्या टपावर काय पसरलेलं असतं ते तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही पोचायच्या आत मालकाच्या पोरानं ते घासून काढलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की पाखराला भिववू नका, त्याला दुसरीकडे बसवा. का आणि कसं, ते सांगतोच. पण आधी यंत्राची गोष्ट.

आमच्या मेहुण्यांची तापोळ्याकडे लाँच आहे. मेहुणे प्रदर्शनातून रिकाम्या हातानं परत येत नाहीत. भाकरी थापायचं यंत्रही त्यांच्याकडे आहे, सध्या त्यावर रद्दी ठेवतात. एका कृषी प्रदर्शनात विक्रेत्यानं त्यांना एक डबी दाखवली. म्हणे, हिच्यातून असा आवाज निघतो की माणसाला ऐकू येत नाही, पाखरू मात्र पळतं. मेहुणे म्हणाले, “चालू करून दाखवा.” “चालूच आहे की!” “ऐकू तर येत नाही.” “तेच तर, साहेब!” आता यावर काय बोलणार? पैसे मोजले.

डबी टपावर बसवली आणि त्या रात्रीपासून काठावरची कुत्री रडायला लागली. कुत्रं रडलं की आपल्याकडे त्याचा अर्थ काय लावतात, ते सांगायला नको. गावात एक आजोबा आजारी होते, त्यांना बघायला लोकांची रीघ लागली. आजोबा वैतागून उठून बसले. इकडे पाणकावळे टपाच्या कठड्यावर रांगेनं पंख पसरून निवांत. मेहुण्यांनी फोन केला, तर विक्रेता म्हणाला, “तुमची पाखरं बहिरी असतील.”

गंमत म्हणजे तो खरं बोलला! माणसाला बारीकात बारीक आवाज साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुप्पट. पक्ष्याचं ऐकणं मात्र माणसाच्याही अलीकडेच संपतं. म्हणजे ती डबी कुत्र्यांसाठीच होती. असल्या डब्या अजून विकल्या जातात, यावर कुणी तक्रार का करत नाही? प्लॅस्टिकचं घुबड, लटकवलेल्या सीड्या, चमकणाऱ्या पट्ट्या यांचंही तेच. चार दिवस दरारा, मग पाखरू ओळखतं की हे काही करत नाही, चावत नाही. घुबडाची जागा रोज बदलली तर थोडं जास्त टिकतं. पण रोज बदलणार कोण?

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

पाणकावळा बोटीवर का येतो? बुडी मारताना त्याची पिसं भिजतात, ती वाळवायला उंच, उघडी, वारा लागेल अशी जागा लागते. शिवसागरचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरत जातं, काठाला नुसता उघडा उतार उरतो, झाड लांब. मग उंच काय राहिलं? तुमची लाँच. म्हणून बोटीपासून थोडं दूर, टपापेक्षा उंच बांबू पाण्यात रोवा आणि वर आडवी काठी बांधा. पाणी मागे सरेल तसा बोटीबरोबर बांबूही सरकवायचा.

एवढ्यानं भागत नाही. कठड्याच्या वर चार बोटांवर मासेमारीची जाड दोरी ताणून बांधा, पंजा नीट टेकला नाही की पाखरू उठतं. टपावर ताडपत्री घालायची तर मधे काठी देऊन उतरती घाला, सपाट नको. प्रवाशांनी टाकलेली भेळ, माशांची आतडी संध्याकाळीच उचला, नाहीतर कावळे येणारच. चिकट गोंद मात्र लावू नका. पाखरू तडफडून मरतं.

शीट कोरडी खरवडू नका. तिची धूळ, विशेषतः पारव्यांची, फुप्फुसाला वाईट. त्यातलं युरिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून पावसानं ती जात नाही आणि रंग खाते. आधी चांगली भिजवा, तोंडाला फडकं बांधा, मग ब्रश.

आणि टपाखाली भिंगरीनं मातीचं घरटं केलं असेल, आत अंडी किंवा पिल्लं असतील, तर हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटी-अंडी मोडणं हीसुद्धा शिकार धरलीय. साधारण महिना-सव्वा महिन्यात पिल्लं उडतात. मग घरटं काढा आणि त्या कोपऱ्याला जाळी मारा. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, मेहुणेही आलेत.