आधी खडू, मग शिसं

मंडळी, गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार सांगतो. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरतो, हात झटकतो आणि म्हणतो, "मिस्त्री, गाडी एक नंबर आहे पण पासष्टच्या वर गेलं की स्टेअरिंग मारतं, हातात थरथरतं, पनवेलला पोचेपर्यंत बोटं बधिर होतात." आणि वर म्हणतो की गाडी तीच, टायर तसलेच, आधी असं कधी होत नव्हतं. खरं बोलतो तो. आधी म्हणजे आपला मुंबई-गोवा हायवे १७ नंबरचा होता तेव्हाची गोष्ट, वळणं, खड्डे, कशेडी चढा, परशुराम उतरा, भरलेली गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जायचीच कुठे? आता त्याचा नंबर ६६ झालाय, त्यावर जिथे जिथे काँक्रीटचे चार पदर झालेत तिथे तीच गाडी आरामात ऐंशीला टेकते. चाकाच्या बॅलन्सिंगचा दोष, म्हणजे चाक एका बाजूला जड असणं, जुनाच, रस्ता सुधारला म्हणून तो हाताला लागला एवढंच.

हे आकड्यात सांगतो, आकडा डोक्यात बसला की पुढचं आपोआप पटतं. १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर जातो. म्हणजे ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला जवळजवळ ७ फेरे मारतं. आता रिंगच्या काठावर एका जागी २०० ग्रॅम जास्त आहे असं धरा, दोन मुठी तांदूळ म्हणा. ४० च्या स्पीडला ते २०० ग्रॅम चाकाला अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतं आणि ८० ला तेच जवळपास दहा किलोने ओढतं, कारण स्पीड दुप्पट झाला की ओढ चौपट होते. हा दहा किलोचा हिसका सेकंदाला सात वेळा किंगपिनवर (पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं तो), बेअरिंगवर, टाय रॉडच्या बॉल जॉइंटवर आणि शेवटी तुमच्या मनगटावर बसतो, आणि वाशीपर्यंत आंबा पोचवायचा म्हणजे आठ-दहा तास बसतो.

काही जण म्हणतात आमचं पासष्टला मारतं आणि पंच्याहत्तरला कमी होतं, मग बॅलन्सिंगचा दोष कसा? घरी ओसरीवर झोपाळा असतो ना, त्याला त्याच्या लयीत बोटाने ढकललं तरी तो चढत जातो आणि लय सोडून ढकललं तर अडखळतो. पुढच्या अ‍ॅक्सलची, स्प्रिंगची, स्टेअरिंगची तशीच एक लय असते, चाकाचे हिसके त्या लयीला जुळले की थरथर फुगते, पुढे गेलं की कमी वाटते पण हिसका वाढलेलाच असतो, फक्त हाताला कळत नाही, बेअरिंगला कळतो.

तर मग हलक्या बाजूला रिंगच्या काठावर शिशाचं वजन ठोकलं की झालं? इथेच माझं आणि बऱ्याच दुकानांचं पटत नाही. एक प्रसंग सांगतो. लांज्याच्या बाजूची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची गाडी, पावसाळा नुकताच संपलेला. ड्रायव्हर दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून आलेला, डाव्या पुढच्या चाकाच्या रिंगवर वजनांची रांग लागलेली. मी सगळी काढली आणि चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर लावलं, मशीनने ६२० ग्रॅम मागितले. मी पुढच्या चाकाला ४०० ग्रॅमच्या वर मागणी आली की थांबतो, एवढं वजन मागणाऱ्या चाकाला दुसरा काहीतरी आजार आहे असं धरून चालतो. लाइट धरून डिस्कच्या (रिंगच्या मधल्या तव्याच्या) आतल्या बाजूला बघितलं तर सगळीकडे गंजच गंज. पण एका जागी तो गंज जाड दिसला, स्क्रूड्रायव्हर मारला तर ढपली निघाली. जांभ्याची माती होती ती! आपल्याकडे जांभ्याची माती आणि लोखंडाचा गंज एकाच रंगाचे, खाणीतला चिखल आत बसलेला, ऑक्टोबरच्या उन्हात ब्रेक ड्रमच्या गरमीने भाजून विटेसारखा झालेला, दोन दुकानांत कुणाला वेगळा दिसलाच नाही. सगळी खरवडून कागदावर घेतली आणि शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली, ४३० ग्रॅम भरली. चाक धुतलं, परत मशीनवर लावलं, मागणी चारशेच्या बरीच खाली आली. त्या ड्रायव्हरने दोन महिने खांदेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. मला ते आजही लागतं, कारण ते काम एका ब्रशचं होतं.

आणि ज्यांच्या गाड्या मिरकरवाड्याला जेट्टीवर मासळी भरतात त्यांना अजून एक सांगतो. तिथे चाकं खाऱ्या पाण्यात उभी असतात, वरून बर्फाचं खारं पाणी गळतं, शिसं तसंच राहतं पण त्याची पोलादी क्लिप गंजून जाते आणि एक दिवस हायवेवर वजन उडून जातं. काल नीट असलेली गाडी आज अचानक मारायला लागली तर आधी रिंगच्या काठावर बघा, वजन बसलेल्या जागी नुसता स्वच्छ ठसा दिसेल.

आता जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. टायर आणि रिंग धरून चाक साधारण १०० किलोचं. हे चाक हबवर (ज्यावर ते नटांनी आवळतात त्यावर) मधोमध न बसता फक्त १ मिलिमीटर सरकून बसलं तर रिंगच्या काठावर जवळपास ४०० ग्रॅम जास्त ठेवल्यासारखं होतं. एक मिलिमीटर! मशीनवर चाक काट्यासारखं बॅलन्स झालेलं असतं, गाडीला लावलं की परत मारतं, आणि मालक म्हणतो मशीन खोटं. मशीन बरोबर होतं. हबच्या तोंडावर गंजाची खपली होती, किंवा क्लीनर एका बाजूचे नट पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेला. हबचं तोंड आणि डिस्कची बसण्याची जागा वायर ब्रशने घासायची, नट आधी हाताने लावायचे, मग समोरासमोरचे आवळत जायचं, चाक जॅकवर असतानाच थोडे थोडे, आणि खाली उतरवून कंपनीने दिलेल्या टॉर्कला शेवटचे. मग ५०-१०० किलोमीटरनंतर परत पाना लावून बघायचा. चिपळूणला चाक बसवलं असेल तर हातखंब्याला चहाला थांबाल तेव्हा बघा.

खडू कशाला लागतो ते सांगतो. पुढचा अ‍ॅक्सल उचला, मागच्या चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावा, जॅकच्या जोडीला स्टँड द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. मग एखादा दगड किंवा स्टूल टायरसमोर ठेवून त्यावर हात टेकवा आणि खडू टायरच्या अगदी जवळ धरा, चाक हळूहळू फिरवा. टायर गोल असेल तर खडू सगळीकडे सारखा लागेल. एकाच जागी लागत असेल तर तिथे टायर उंच आहे. फरक अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर ते शिशाने कधीच सुटणार नाही, कारण अंड्यासारखं चाक वजनाने गोल होत नाही. मग बाजूने बघा, टायरच्या बुडाशी रिंगलगत एक बारीक रेघ असते, ती रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला आत गेली असेल तर टायर रिंगवर नीट बसलेलाच नाही. हवा काढायची, साबणाचं पाणी लावायचं, परत बसवायचा, तरीही उंचवटा राहिला तर टायर रिंगवर अर्धा फेरा फिरवून बसवायचा, पुष्कळ वेळा टायरचा उंच भाग रिंगच्या सखल भागावर येतो आणि दोन्ही एकमेकांना मारून नेतात. बऱ्याच नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरचा हलका भाग, तो वॉल्व्हच्या लगत, त्याच बाजूला आणायचा.

हे करताना एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. लॉक रिंगवाली चाकं आहेत तुमची, म्हणजे टायर अडकवून धरणारी पोलादी कडी सुटी असते. चाक गाडीवरून काढण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, पिंजरा नसेल तर त्या दुकानात भरू नका. शंभर पौंडाच्या आसपास हवा असते आत, लॉक नीट बसला नसेल तर तो सुटून येतो तेव्हा माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. लॉक बसवायला हवा भरलेल्या चाकावर हातोडा मारणारा पोरगा दिसला तर त्याला ओरडा, परका असला तरी ओरडा.

पाण्याचंही बोलतो. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत किती ओल असते सांगायला नको, कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी जमतं, ते सकाळी खालच्या कॉकने काढलं नाही तर हवेबरोबर टायरमध्ये जातं. आत पाणी हिंदकळत असेल तर मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. तीन वेळा फिरवून तीन आकडे आले तर वजन लावू नका, टायर उघडा. आणि नायलॉनचा टायर भरलेल्या गाडीखाली रात्रभर उभा राहिला की खालून चपटा होतो, सकाळी निघाल्यावर थोडा वेळ मारतो आणि गरम झाला की सुटतो. कोलाडला रो-रोवर, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या रेल्वेवर, गाडी चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवणाऱ्यांनाही असं जाणवू शकतं. तो आजार धरू नका.

कुणीतरी विचारलं की हबवरच चाक फिरवून, जड बाजू खाली थांबते तिच्या समोर वजन लावलं तर चालतं का. ब्रेक पूर्ण मोकळे असतील तर अर्धं काम होतं, वर-खाली उडणं कमी होतं. पण चाक रुंद असतं. आतल्या काठावर एका बाजूला जड आणि बाहेरच्या काठावर बरोबर उलट बाजूला जड, असं असलं तर चाक कुठेही थांबतं, आपल्याला वाटतं बॅलन्स आहे, आणि रस्त्यावर ते डावी-उजवीकडे डुलायला लागतं, स्टेअरिंगला खरा झटका त्याचाच. ते फिरत्या मशीनवरच कळतं, आणि वजन आत-बाहेर दोन्हीकडे लावावं लागतं.

आणि बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी हे एवढं करून बघा. चाक उचललेलं असताना खालून टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटा, वरचा काठ हलला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगमध्ये, तरीही हललं तर किंगपिनमध्ये. किंगपिन गेलेला असताना चाक कितीही बॅलन्स करा, पुढच्या खड्ड्यात परत डुलेल, आणि टायर खाईल ते वेगळंच. फक्त ब्रेक मारल्यावर थरथर असेल तर ड्रम बघा. सीटखाली, फ्लोअरला बारीक थरथर आणि स्टेअरिंग शांत असेल तर प्रोपेलर शाफ्टकडे (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याकडे) जा. टायरवर हात फिरवून खड्डे-खड्डे लागत असतील तर तो टायर मागे टाका, त्याला पुढे आता शांतता नाही.

बाहेर दहाचाकी उभी आहे, डावं पुढचं चाक स्टँडवर आहे. ड्रायव्हर म्हणतो सत्तरला मारतं. मी अजून हात लावलेला नाही, खडू आणलाय, चला.