शाळेचं पत्र आलं की आधी तारीख बघा

(इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

बॅरिस्टर म्हटलं की आपल्या लोकांकडून दोन प्रश्न हमखास येतात. व्हिसाचं बघता का, आणि घरखरेदीचं बघता का? मी दोन्ही बघत नाही. माझं काम सार्वजनिक कायद्याचं आणि मानवी हक्कांचं, त्यातही जास्त करून शिक्षणाचं. समोर बहुतेक वेळा कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका असते, शाळा असते, विद्यापीठ असतं किंवा एखादं सरकारी खातं. कधी मी शाळेच्या किंवा कौन्सिलच्या बाजूनेही उभी राहते. काम आपल्या क्षेत्रातलं असेल, वेळ असेल आणि फी रास्त असेल, तर अशील किंवा त्याचं म्हणणं पटत नाही म्हणून इथल्या बॅरिस्टरला नाही म्हणता येत नाही. या नियमामुळे कोणाला नकोशा झालेल्या माणसालाही वकील मिळतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

सार्वजनिक कायदा म्हणजे काय, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या माहितीचं आहे. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली राहत होते. १९२२ मध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. पुढे त्याचा वापर राहण्याच्या घराऐवजी संग्रहालय म्हणून करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. मग अपील झालं, रीतसर सुनावणी झाली, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या गेल्या आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. कौन्सिलचा नकार हा शेवटचा शब्द नसतो. नकाराच्या पुढे एक दार असतं आणि ते कुठे आहे ते कायद्यात लिहिलेलं असतं. माझं रोजचं काम त्या दारापाशी चालतं.

आता ज्युडिशियल रिव्ह्यूबद्दल, म्हणजे सरकारी निर्णय कायद्याला धरून झाला का हे हायकोर्टात तपासण्याबद्दल, एक गैरसमज दूर करते. मुलासाठी कोणती शाळा चांगली, हे हायकोर्टाचा न्यायाधीश ठरवत नाही. तो इतकंच पाहतो की निर्णय घेणाऱ्याला तो अधिकार होता का, कायद्याने विचारात घ्यायला सांगितलेल्या गोष्टी घेतल्या का, नको त्या गोष्टी मध्ये आणल्या का, समोरच्याचं म्हणणं ऐकलं का. वाचताना हे कोरडं वाटतं. पण यातून काय घडू शकतं, ते १९९८ च्या एका निकालात बघा.

ईस्ट ससेक्समध्ये एक मुलगी दीर्घ आजारामुळे शाळेत जाऊ शकत नव्हती. कौन्सिल तिला आठवड्याला पाच तास घरी शिकवणी देत होती. पैशांची ओढाताण सुरू झाली आणि पाचाचे तीन तास केले. कौन्सिलचं म्हणणं सरळ होतं : तिजोरीत पैसे नाहीत. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि लॉर्ड्सनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात 'योग्य शिक्षण' देण्याचं कर्तव्य आहे. एखाद्या मुलाला योग्य काय, हे त्या मुलाचं वय, कुवत आणि गरज पाहून ठरतं, कौन्सिलच्या शिल्लक रकमेवरून नाही. कर्तव्य जड जात असेल तर ते बदलणं संसदेच्या हातात आहे, कौन्सिलने ते आपल्या मर्जीने पातळ करायचं नाही. एका आजारी मुलीच्या आठवड्यातल्या दोन तासांसाठी देशातलं सर्वोच्च न्यायपीठ बसलं होतं. शिक्षणाच्या कायद्यात मी रमले ती अशा निकालांमुळे.

आज मात्र मला मुख्यतः आपल्या घरांबद्दल बोलायचं आहे. आपले लोक माझ्याकडे उशिरा येतात. शाळेचं किंवा कौन्सिलचं पत्र आलेलं असतं, नकार असतो, आणि ते पत्र कित्येक आठवडे ड्रॉवरमध्ये पडून असतं. कारण विचारलं की सांगतात, बाईंशी वाद घातला तर मुलावर डूख धरतील. किंवा, आपण बाहेरून आलेले, उगाच कशाला? गुरुजनांबद्दलचा आदर आपण घरून घेऊन आलो आहोत आणि तो चांगलाच आहे. पण कौन्सिलचं पत्र म्हणजे गुरुजी नव्हेत. तो एक प्रशासकीय निर्णय आहे आणि त्याचं कारण विचारणं हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. यात कोणाचा अपमान नाही.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मुलगा सहा वर्षांचा, बोलणं तुटक, वर्गात आवाज वाढला की टेबलाखाली जाऊन बसायचा. शाळा म्हणाली, घरी मराठी आणि इथे इंग्रजी, म्हणून गोंधळ होतोय, दोन्ही भाषा एकदम नकोत. गावाकडून आजी म्हणाल्या, त्याचे बाबाही उशिराच बोलले होते. आईला मनातून कळत होतं की हे वेगळं आहे. तिने मुलाच्या विशेष गरजांच्या मूल्यमापनासाठी कौन्सिलकडे अर्ज केला. नकार आला आणि अपिलाची मुदत टळून गेल्यावर ती माझ्यापर्यंत पोचली. शेवटी नव्याने अर्ज करावा लागला. त्यात मुलाचं जे शाळेचं वर्ष गेलं, ते कोणतंही कोर्ट परत देऊ शकत नाही.

या आईला सुरुवातीलाच माहीत असायला हवं होतं ते इथे सांगते. घरची भाषा वेगळी आहे, एवढ्यावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरता येत नाही, हे २०१४ च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून कोणी नुसतं मराठी बोलतो म्हणून मुलाला मागे टाकत असेल तर ते चूक. पण खरी अडचण असताना ती दोन भाषांच्या खाती टाकून मोकळं होणं, तेही चूकच. मूल्यमापनासाठी कायद्याची पायरी खालची आहे. मुलाला विशेष गरजा आहेत किंवा असू शकतात, आणि त्यासाठी ईएचसी प्लॅनची, म्हणजे मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची काय मदत मिळणार हे लिहिलेल्या कायदेशीर दस्तऐवजाची, गरज पडू शकते, एवढं पुरेसं असतं. डॉक्टरचं निदान हातात असलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. पालक स्वतः अर्ज करू शकतात, शाळेच्या परवानगीची गरज नाही. मूल्यमापन करायचं की नाही हे कौन्सिलने सहा आठवड्यांत कळवायचं. प्लॅन द्यायचं ठरलं तर अर्जापासून वीस आठवड्यांत अंतिम प्लॅन हातात पडायला हवा.

नकार आला तर विशेष शिक्षणाच्या ट्रायब्युनलकडे जायचं. पत्राच्या तारखेपासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचं प्रमाणपत्र (कौन्सिलशी तडजोडीचा पर्याय पाहिल्याचा दाखला) मिळाल्यापासून एक महिना, यातली जी तारीख नंतरची असेल ती तुमची मुदत. या ट्रायब्युनलला फी नाही. हायकोर्टासारखं नुसती प्रक्रिया तपासून ते थांबत नाही, पुरावा पाहून निर्णय नव्याने घेतं. वकील लागतोच असंही नाही, अनेक आईवडील स्वतःच बाजू मांडतात. गेली काही वर्षं सुनावणीपर्यंत गेलेल्या अपिलांपैकी दहात नऊहून जास्त निकाल पूर्णपणे किंवा काही अंशी पालकांच्या बाजूने लागले आहेत. प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत पालकांना मोफत आणि निःपक्ष सल्ला देणारी सेवा असणं बंधनकारक आहे. आयपीएसईए नावाची धर्मादाय संस्था आहे, तिचे पत्रांचे नमुने उत्तम आहेत. माझ्याकडे येण्याआधी तिथे जा, हे मी मनापासून सांगते. या सगळ्या व्यवस्थेत मोठे बदल करण्याचा सरकारचा विचार आहे, म्हणून पाऊल उचलण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम तपासून घ्या.

प्लॅन मिळाला की पेढे वाटायच्या आधी तो वाचा. त्यात सेक्शन एफ असतो : मुलाला प्रत्यक्षात काय मिळणार. तिथे 'गरजेनुसार स्पीच थेरपीचा लाभ दिला जाईल' असं वाक्य असेल तर सही करून मोकळे होऊ नका. कोणाची गरज? ती कोण ठरवणार? वर्षातून एकदा थेरपिस्ट येऊन गेला तरी हे वाक्य खरंच ठरतं. तिथे हवं असं की स्पीच थेरपिस्टकडून आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, एकट्याबरोबर, शाळेच्या सत्रातला प्रत्येक आठवडा, आणि शिकवलेलं वर्गात पुढे चालवायला प्रशिक्षित मदतनीस. तरतूद शंकेला जागा राहणार नाही इतकी नेमकी असावी, हे १९९८ च्या सॉमरसेटच्या खटल्यापासून कोर्ट सांगत आलं आहे. आणि एकदा ती लिहिली गेली की कौन्सिलला ती द्यावीच लागते. थेरपिस्ट नोकरी सोडून गेला, भरती बंद आहे, आम्ही खूप प्रयत्न केले, ही उत्तरं चालत नाहीत. नॉर्थ टाइनसाइडच्या प्रकरणात २०१० मध्ये अपील कोर्टाने हे ठणकावून सांगितलं. वकिलाने रीतसर लिहिलेल्या एका पत्रावर बंद पडलेली थेरपी दोन आठवड्यांत सुरू झाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. कोर्टाची पायरी चढावीच लागते असं नाही.

आता गणवेशाचं. मनगटावरचा दोरा, मुंजीनंतरचं जानवं, मुलीची टिकली यावरून शाळेने हटकलं तर काय, असं मला बरेच जण विचारतात. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडीमुळे प्रवेश नाकारला, त्यात १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मुलाच्या बाजूने निकाल दिला. वेल्समधल्या ॲबरडेर इथल्या मुलींच्या शाळेने कडं घातलं म्हणून एका शीख मुलीला शाळेबाहेर ठेवलं होतं. २००८ मध्ये हायकोर्टात ती जिंकली. पण लूटनच्या डेनबी हायस्कूलच्या खटल्यात २००६ मध्ये शाळा जिंकली. तिथल्या विद्यार्थिनीला जिलबाब, म्हणजे अंगभर सैल झगा, घालायचा होता. शाळेच्या गणवेशात सलवार कमीजचा पर्याय होता, तो स्थानिक मुस्लिम समाजाशी बोलून ठरवलेला होता आणि जिलबाब चालणाऱ्या दुसऱ्या शाळा तिच्या आवाक्यात होत्या. म्हणजे 'आमच्या धर्मात आहे' एवढं म्हणून भागत नाही. ती गोष्ट मुलाला खरोखर किती महत्त्वाची आहे, शाळेचं कारण काय, मधला मार्ग आहे का, हे सगळं तोललं जातं. माझा सल्ला असा की आधी भेटून बोला, मग लेखी विचारा. दोरा बाहीखाली झाकून चालणार असेल तर बहुतेक शाळा मान्य करतात. समानतेच्या कायद्याखाली दावा करायची वेळ आलीच, तर त्याला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मुदत आहे. ज्युडिशियल रिव्ह्यूला फक्त तीन महिने, तेही विनाविलंब जावं लागतं.

भारतवारीबद्दल मात्र मी वाईट बातमी देणार आहे. लग्नसराई डिसेंबरात, तिकिटं स्वस्त सत्र चालू असताना, आणि आजोबांची पंच्याहत्तरी भर मार्चमध्ये. आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी मुलीला सत्राच्या मध्यात फ्लोरिडाला नेलं. तिची हजेरी ९० टक्क्यांच्या वर होती, त्यामुळे ती 'नियमित' येते असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. नियमित म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे, असा अर्थ लावला. इंग्लंडमध्ये आता दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाचा विचार होतो. तो प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, एकवीस दिवसांत नाही भरला तर १६०. घरात कोणी अत्यवस्थ असेल, अंत्यसंस्कार असेल, तर हेडटीचरना आधी पत्र लिहा, अपवादात्मक कारण असेल तर त्या रजा देऊ शकतात. तिकीट काढल्यावर परवानगी मागू नका.

पुण्या-नागपूरहून इथे मास्टर्सला आलेली मुलं समोर बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. निबंधात नक्कल केली किंवा एआय वापरलं असा आरोप आला, तर घाबरून सुटकेसाठी कबुली लिहून देऊ नका. आरोप लेखी मागवा, मसुदे आणि नोंदी जपा, विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराला बैठकीला सोबत न्या. विद्यापीठातलं अंतर्गत अपील संपलं की ते संपल्याचं पत्र मागायचं. त्या पत्रापासून बारा महिन्यांत विद्यापीठांविरुद्धच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पण व्हिसाचं घड्याळ त्याआधी वाजू शकतं, त्यामुळे सल्ला पहिल्याच दिवशी घ्या. आईबाबांना कळेल या भीतीने गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या गप्प बसण्याने त्यांचं फार नुकसान झालं.

आणि मंडळाकडे माझं एक मागणं आहे. शाळाप्रवेशाची अपिलं तीन किंवा अधिक सदस्यांच्या स्वतंत्र पॅनेलपुढे चालतात. त्यात किमान एक सदस्य शिक्षणक्षेत्राबाहेरचा लागतो. शाळेतून कायमचं काढून टाकलेल्या मुलांच्या प्रकरणांतही असंच पॅनेल असतं आणि त्याचे अध्यक्ष शिक्षणक्षेत्राबाहेरचेच असतात. हे सदस्य स्वयंसेवक असतात. इतक्या वर्षांत माझ्या समोरच्या पॅनेलवर मला मराठी माणूस क्वचितच दिसला. या सभागृहात निवृत्त डॉक्टर आहेत, अकाउंटंट आहेत, बँकेत हयात घालवलेली माणसं आहेत, शाळांच्या गव्हर्निंग बोर्डावर जाऊ शकतील असे तरुण आईवडील आहेत. कायद्याची पदवी लागत नाही. आधी प्रशिक्षण देतात, प्रवासखर्चही देतात. लागते ती कागद नीट वाचायची सवय आणि दोन्ही बाजू ऐकून घ्यायची तयारी. ज्यांची तयारी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, आपापल्या कौन्सिलचा अर्ज कुठे असतो ते मी फोनवर उघडून दाखवते.