मूळ फोटो गॅलरीत चढवताना

मंडळी, शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो इथं बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडं असतील. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून बारीक झाले तरी आठवण म्हणून चालतात. पण खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरातल्या शिलालेखाचा फोटो तसा चालणार नाही. तो वेबवरच्या गॅलरीत मूळ आकारातच चढवायला हवा.

जरा हिशोब करून बघा. देवळाची दहा मीटर बाजू तुम्ही एका फ्रेममध्ये घेतली. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोची रुंदी साधारण ६००० पिक्सेल येते. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या अक्षराला मिळाले १८ पिक्सेल. फोटो लहान करून रुंदी २०४८ पिक्सेलवर आणली की त्याच अक्षराला उरतात सहा. कन्नड असो की नागरी, सहा पिक्सेलांत अक्षर लागत नाही. मोठा फोटो टाकला की पान जड होतं, ही भीती बहुतेक ठिकाणी फोल आहे. बघणाऱ्यासाठी लहान प्रती गॅलरी स्वतःच बनवते. मोठी फाइल ज्याला पाहिजे तो उतरवून घेतो.

आता लाइटरूम, म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. त्यातून फोटो बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, फॉरमॅटमध्ये ‘ओरिजिनल’ दिसलं की हात तिकडंच जातो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, फोटो काढणाऱ्यानं तिथं थांबावं. त्यानं कॅमेऱ्याची रॉ फाइल जशीच्या तशी बाहेर पडते; तुम्ही सुधारलेला उजेड आणि रंग तिच्या चित्रात उतरलेले नसतात, आणि ब्राउझर ती सहसा दाखवतही नाही. रॉ घरच्या हार्डडिस्कवर असू द्या. गॅलरीसाठी जेपेग घ्या, आकार बदलण्याची खूण काढून टाका, क्वालिटी ८५-९० ठेवा. शंभरवर नेली की फाइल फुगते, डोळ्याला फरक मात्र दिसत नाही. रंगांच्या पद्धतीत (कलर स्पेस) एसआरजीबी निवडा; अ‍ॅडोबी आरजीबीत ठेवलात तर एखाद्या स्क्रीनवर भगवा फिका दिसेल, आणि मग मंडळाची पोरं तुम्हाला सोडणार नाहीत!

फोटो कुणाच्या घरी काढला असेल तर एक्स्पोर्टमध्येच लोकेशनची माहिती काढून टाका. तुमचं नाव आणि फोटोखालच्या ओळी राहू देत.

काही ठिकाणी फोटो मुकाट्यानं लहान केला जातो. गुगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो तेवढ्यावर येतो. ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडली की तसाच राहतो, पण फुकटच्या १५ जीबीत तो जास्त जागा खातो. म्हणून आधी एकच फोटो चढवा, तोच परत उतरवा आणि दोन्ही फाइलींचे बाइट्स जुळतात का बघा.

शेवटी वेळेचं. दहा एमबीचे पाचशे फोटो म्हणजे पाच जीबी. अपलोड दहा एमबीपीएस (सेकंदाला दहा मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असला तरी तासाच्या वर जातं. दोन असला तर साडेपाच तास. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, तेवढं लक्षात ठेवा. खानापूरकडच्यांनी पावसाळ्यात तर पन्नास-पन्नासचे गठ्ठे करावेत. मधेच लाइट गेली तर पुढं कुठून सुरू करायचं ते कळतं.