ब्लँटायर ते ब्लँटायर

(दृश्य: पहाट. लाल मातीच्या रस्त्यानं शाळेकडे निघालेली मुलं.)

हा आफ्रिकेतल्या मलावी देशाचा दक्षिण भाग. जवळचं मोठं शहर ब्लँटायर. याच नावाचं दुसरं गाव स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या शेजारी आहे. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथले. १८५९ साली ते मलावीच्या सरोवरापर्यंत पोचले. मागून आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७६ मध्ये इथे ठाणं वसवलं आणि त्याला लिव्हिंगस्टन यांच्या जन्मगावाचं नाव दिलं.

या नात्याचा एक धागा मुंबईतूनही जातो. शिरे नदीकडच्या डोंगराळ मुलखात, गुलामांच्या तांड्यातून सुटका झालेला चुमा नावाचा मुलगा १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन यांच्यासोबत मुंबईला आला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत तो शिकला. म्हणजे परदेशी शाळेची वाट इथल्या मुलांनी फार पूर्वीच तुडवली होती.

(दृश्य: शाळेचं आवार. चुलीवर मोठं पातेलं.)

२००५ मध्ये स्कॉटलंड आणि मलावीच्या सरकारांनी सहकार्याचा करार केला. आज स्कॉटलंडमधल्या अनेक शाळांची मलावीत एक जोडशाळा आहे. जूनअखेर तिकडे उन्हाळी सुट्टी लागली, की काही शाळांची मुलं इकडे येतात. इथे तेव्हा कोरडे, थंडीचे दिवस असतात.

बऱ्याच शाळांत सकाळची सुरुवात पेजेनं होते. मका आणि सोयाच्या पिठाची ही पेज, लिकुनी फाला. ‘मेरीज मील्स’ या स्कॉटिश संस्थेनं २००२ मध्ये मलावीतूनच हे काम सुरू केलं. पण पहाटे उठून चूल पेटवतात त्या गावातल्या आया, पाळीपाळीनं, एक पैसाही न घेता. पाहुण्या मुलांनी सेवेचा पहिला धडा त्यांच्या शेजारी उभं राहून, पेजेचे मग धुता धुता घ्यावा.

(दृश्य: झाडाखाली भरलेला वर्ग.)

१९९४ मध्ये मलावीनं प्राथमिक शिक्षण मोफत केलं. पटावरची संख्या सुमारे १९ लाखांवरून वर्षभरात ३० लाखांच्या आसपास गेली. खोल्या, शिक्षक, पुस्तकं त्या वेगानं वाढणं शक्यच नव्हतं. खालच्या इयत्तांत आजही एका वर्गात शंभरावर मुलं बसलेली दिसतात. एवढ्या मुलांना खडू-फळ्यावर सांभाळणारी शिक्षिका गाण्यातून, टाळ्यांतून सगळा वर्ग एका लयीत आणते. पाहुण्यांनी हे बघावं, शिकावं.

मग त्यांनी करायचं काय? भिंत बांधणं, रंग देणं हे काम गावचा गवंडी कितीतरी चांगलं करतो, आणि त्याची मजुरी त्यालाच मिळायला हवी. मुलांच्या लहान गटांत बसून गोष्टी वाचणं, दोन्हीकडच्या पावसाची नोंद एकत्र ठेवणं, एकमेकांचे खेळ शिकणं हे मात्र विद्यार्थीच करू शकतात. कामांची यादी मलावीच्या मुख्याध्यापकांनी ठरवावी. स्कॉटलंडहून तयार होऊन येऊ नये.

(दृश्य: निरोपाचा कार्यक्रम. दोन्ही शाळांची मुलं नाचताहेत.)

परतीची भेट हा या नात्यातला सगळ्यात अवघड भाग. व्हिसाची फी, बँकेची कागदपत्रं, वर नकाराची टांगती तलवार. त्यामुळे इकडून तिकडे जाणारे फार थोडे. हे आम्हाला मनापासून खुपतं. पुढच्या दौऱ्याचा हिशेब मांडताना मलावीच्या मुलांची तिकिटं आणि व्हिसा पहिल्या ओळीत लिहा, एवढी विनंती आम्ही जोडशाळा चालवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला करतो.