नावनिशीतली नऊ वर्षं

नव्या कराराच्या, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, विश्वासार्हतेवर वाद सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत हस्तलिखितांचा आकडा येतो. ग्रीक प्रती 5,000 हून जास्त आहेत, प्राचीन काळातल्या दुसऱ्या कुठल्या ग्रंथाच्या एवढ्या आहेत ते दाखवा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, त्याच प्रतींमध्ये पाठभेद, म्हणजे एकाच जागी वेगळे शब्द, लाखांनी आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही फारसे कामाचे नाहीत. बहुतेक प्रती नवव्या शतकापासून पुढच्या आहेत, आणि बहुतेक पाठभेद शुद्धलेखनाचे किंवा शब्द मागेपुढे होण्याचे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली तेव्हा जो नियम होता तोच इथे लागतो: पोथ्या मोजायच्या नसतात, जोखायच्या असतात. एका चुकलेल्या प्रतीवरून शंभर नकला उतरवल्या, तरी साक्षीदार एकच.

जोखणं म्हणजे काय, ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, शेवटावर पाहू. सायनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन प्रतींत ते 16:8 ला, म्हणजे सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला, संपतं. स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरीपासून पळतात, भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत, बस. उरलेल्या बहुसंख्य प्रतींत पुढे बारा ओव्या आहेत. आता विचारायचं, नक्कल करणाऱ्याच्या हातून कुठली गोष्ट जास्त सहज होईल? असा तुटक शेवट पाहून त्याला समाप्ती जोडणं, की चांगली समाप्ती समोर असताना गाळून टाकणं? शिवाय त्या बारा ओव्यांची भाषाही मार्काची वाटत नाही, आणि मग्दालीया मरीया आधीच्या ओव्यांत आलेली असताना नवव्या ओवीत तिची ओळख नव्याने करून दिली आहे. म्हणून त्या नंतरच्या, यावर आज बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे.

प्रत किती जुनी, यावरही जपून बोलावं. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचा तुकडा, आहे. आकार पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानाएवढा, पुढे सात ओळी, मागे सात, त्यातली एकही अखंड नाही. 1935 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध धरला गेला आणि पुढे ‘इ.स. 125’ हा आकडा तोंडी बसला. पण हा काळ केवळ अक्षरांच्या वळणावरून ठरवलेला आहे. वळणावरून नेमकं साल सांगता येत नाही, पन्नासेक वर्षांचा तरी पल्ला धरावा लागतो. शतकाच्या अखेरीचं, किंवा त्याही नंतरचं, अक्षर याच्याशी जुळतं असा आक्षेप आता नोंदलेला आहे.

आणि समजा, प्रत इ.स. 125 ची आहे. त्यावरून एवढंच कळतं की मजकूर तेव्हा होता. त्यात लिहिलेलं घडलं का, हा प्रश्न वेगळा. वादात बहुतेक घोटाळा इथेच होतो: पहिला मुद्दा जिंकायचा आणि दुसराही खिशात टाकायचा.

लूकच्या शुभवर्तमानातली 2:2 ही ओवी घ्या. तिच्यात प्रतींमध्ये अर्थ बदलेल असा पाठभेद नाही, मजकूर भक्कम आहे. क्विरीनिय हा सूरिया (सीरिया) या रोमन प्रांताचा अंमलदार असताना पहिली नावनिशी, म्हणजे लोकांची सरकारी नोंदणी, झाली आणि त्या वेळी येशूचा जन्म झाला, असं लूक सांगतो. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो, जन्म यहुद्यांचा राजा हेरोद याच्या हयातीत झाला. लूकही पहिल्या अध्यायाची सुरुवात हेरोदाच्याच काळात करतो. हेरोद वारला इ.स.पू. 4 मध्ये. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्यानुसार क्विरीनियची नावनिशी इ.स. 6 ची, यहूदिया थेट रोमच्या अमलाखाली आला तेव्हाची. मध्ये शून्य साल नाही, म्हणून फरक नऊ वर्षांचा. तो मिटवायला दोन तोडगे सांगतात. एक, क्विरीनिय आधीही एकदा तिथे अंमलदार होता. पण हेरोदाच्या शेवटच्या वर्षांत सूरियावर सातुर्निनुस आणि मग वारुस होते, जागा रिकामी नव्हती. आणि पुरावा म्हणून जो तिवोलीचा शिलालेख दाखवतात त्यावर नावच शिल्लक नाही. दुसरा, ओवीतल्या ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ ‘आधीची’, म्हणजे क्विरीनियच्या आधीची, असा घ्यायचा. व्याकरणाला ताण देऊन तो निघतो, पण सरळ वाचणाऱ्याला सुचत नाही. माझ्या मते इथे लूक चुकला आहे.

म्हणून लूक टाकाऊ ठरतो का? ‘प्रेषितांची कृत्ये’ हे नव्या करारातलं पुस्तकही त्याच लेखकाचं. त्यात ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहराच्या नगराधिकाऱ्यांना वापरलेलं ‘पोलितार्ख’ हे पद ग्रीक वाङ्मयात इतरत्र जवळजवळ सापडत नाही, पण त्याच शहरातल्या दगडी कमानीवरच्या लेखात सापडलं. करिंथ शहरात ख्रिस्ती प्रचारक पौलाला ज्याच्यासमोर उभं केलं तो गल्लियो अखया या रोमन प्रांताचा प्रोकॉन्सुल (राज्यपाल) होता, हे पदही बरोबर. ग्रीसमधल्या डेल्फीला तुकड्यांत मिळालेल्या, दगडावर कोरलेल्या क्लौदिय बादशहाच्या पत्रात गल्लियोचं नाव आणि बादशहाचा सव्विसावा जयघोष (विजयानंतर बादशहाच्या नावे होणारा, क्रमांकाने मोजला जाणारा) नोंदला आहे, त्यामुळे त्याची कारकीर्द इ.स. 51-52 च्या आसपास बसते. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा याच दगडापासून मागेपुढे मोजत ठरवतात.